शिक्रा की पावशा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात एकसारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, आणि एवढी पत्रं आलीत की सगळ्यांना इथे जागा देणं शक्यच नाही, म्हणून सारख्या प्रश्नांमधलं एकेक पत्र निवडलंय. जवळजवळ सगळ्यांनी रंग अगदी बारकाईने लिहिलाय, पोट पांढरं, पाठ तपकिरी, डोक्यावर काळं वगैरे, पण चोच कशी होती, कसा बसला होता, काय करत होता हे फार थोड्यांनी लिहिलंय. आता एकसारखे दिसणारे पक्षी म्हटल्यावर रंग हाच तर त्यांच्यात सारखा असतो, मग त्यावरून फरक सापडणार कसा? शिवाय रंग उन्हाने वेगळा दिसतो, वयाप्रमाणे बदलतो, विणीच्या हंगामात बदलतो. चोचीची ठेवण आणि बसायची ढब बदलत नाही. म्हणून आधी ते बघा आणि रंगाकडे शेवटी या.

प्रश्न: एप्रिलमधे आमच्या घरामागच्या उंबरावर राखाडी पाठीचा, छातीवर तांबूस आडव्या रेघा आणि शेपटीवर पट्टे असलेला पक्षी बसला होता. मी शिक्रा म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर निम्मे लोक म्हणाले पावशा. नेटवर दोघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले तरी फरक कळत नाहीये. फोटो सोबत जोडलाय.
– एक वाचक, राधानगरी

उत्तर: फोटो बघितला. हा पावशाच आहे, आणि तुमच्या ग्रुपवर निम्मी मतं शिक्र्याला पडली यात काहीच नवल नाही, ही जोडी भल्याभल्यांना गोंधळात टाकते.

तुमचाच फोटो झूम करा आणि फक्त चोच बघा. शिक्र्याची चोच आखूड असते, मुळापासूनच खाली वळत जाते आणि टोकाला चांगला आकडा असतो, कारण त्याला मांस फाडायचं असतं. पावशाची चोच सरळ पुढे निघते आणि अगदी टोकाशी जराशी वाकते, कारण त्याचा मुख्य खुराक सुरवंट आणि किडे, त्यासाठी आकडा लागत नाही. तुमच्या फोटोत चोच अशीच सरळ निघालेली दिसतेय. मग पायांकडे या. शिक्र्याचे पिवळे पाय चांगले लांब असतात आणि नख्या काळ्या, वाकड्या, लांबूनही दिसतात. पावशा फांदीवर बसला की त्याचे पाय पिसांखाली जवळजवळ झाकूनच जातात, आणि दिसलेच तर दोन बोटं पुढे आणि दोन मागे, सगळ्या कोकीळ मंडळींची असतात तशी.

डोळ्यावरून मात्र निकाल लावू नका. मोठ्या नर शिक्र्याचा डोळा लालभडक असतो हे खरं, पण तरुण शिक्र्याचा पिवळा असतो आणि पावशाच्या डोळ्याभोवती पण पिवळी कडा असते, तिथेच बरेच जण फसतात. तरुण शिक्र्याच्या छातीवर आडव्या रेघा नसतात, उभे तपकिरी थेंब असतात, आणि लहान वयाच्या पावशाच्या पोटावरही तपकिरी खुणा असतात, म्हणजे रंगाच्या वाटेने गेलात की परत जिथल्या तिथेच.

फोटोत न दिसणारी पण समोर असताना लगेच कळणारी गोष्ट म्हणजे बसण्याची पद्धत. शिक्रा ताठ बसतो, पंख अंगाला घट्ट चिकटलेले. पावशा उडताना अगदी शिक्र्यासारखा उडतो, चार-पाच वेळा पंख मारून मग तरंगत जाणं वगैरे सगळं तेच, पण फांदीवर उतरला की शेपटी वर उचलतो, डावी-उजवीकडे हलवतो आणि पंख जरा खाली सोडून बसतो. हे एकदा नीट बघितलंत की पुढच्या वेळी दुर्बिणीशिवाय सांगाल.

हे साम्य आलं कुठून, तर पावशा स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो आणि ते अंडंही सातभाईंच्या अंड्यासारखंच निळं असतं. शिकारी पक्ष्यासारखं रूप असलं की छोटे पक्षी बिचकतात आणि घरट्याजवळ जायला वाव मिळतो असं मानलं जातं. म्हणून तर पावशा दिसला की सातभाई आणि बुलबुल तेवढाच आरडाओरडा करतात जेवढा शिक्रा दिसल्यावर करतात, तेव्हा पक्ष्यांची ओरड ऐकून शिक्राच असणार असं धरून चालू नका.

उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडाला पावशा ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ करत सूर चढवत नेतो, रात्रीसुद्धा, तेव्हा प्रश्नच नसतो. खरी चूक होते ती हिवाळ्यात, कारण तेव्हा तो गप्प असतो. त्या दिवसात शिक्र्याची नोंद करायच्या आधी चोच बघाच बघा.

प्रश्न: आमच्या भाताच्या खाचरात आणि खाडीच्या कडेला सगळे पांढरे बगळेच असतात. पुस्तकात चार-पाच प्रकार दिलेत पण मला दोनच कळतात, लहान आणि मोठा. काळी चोच, पिवळी चोच यावरून ओळखायला गेले तर दर महिन्याला वेगळंच दिसतं.
– एक वाचक, गुहागर

उत्तर: ताई, दर महिन्याला वेगळं दिसतं हे तुमचं निरीक्षण एकदम बरोबर आहे. मोठा बगळा आणि मध्यम बगळा या दोघांची चोच एरवी पिवळी असते आणि विणीच्या दिवसात काळी होते, मग पुस्तकातलं चित्र कुठल्या महिन्यातलं आहे त्यावर सगळं अवलंबून.

गायबगळा आधी बाजूला काढा. तो गुरांच्या मागे, नांगरामागे, ट्रॅक्टरमागे किडे टिपत फिरतो, चोच आखूड, पिवळी, आणि हनुवटीखाली पिसांचा फुगवटा असतो, त्याने चेहरा जरा गबदुल दिसतो. विणीच्या दिवसात डोकं, मान आणि पाठ नारिंगी होते तेव्हा तर शंकाच नको. छोटा बगळा म्हणजे काळी चोच, काळे पाय आणि बोटं मात्र पिवळीधमक. चिखलात उभा असेल तर बोटं दिसत नाहीत, मग थांबायचं, तो उडाला की पाय मागे सोडतो आणि पिवळे पंजे स्पष्ट दिसतात. तो एक पाय चिखलात थरथरवतो आणि घाबरून बाहेर पडणारे मासे पकडतो, ही सवय लक्षात ठेवली तरी पुरे.

आता मोठा आणि मध्यम. उंचीवर जाऊ नका, शेजारी शेजारी असतील तरच उंचीचा उपयोग, एकटा उभा असेल तर प्रत्येकजण मोठाच वाटतो. बघायची ती जिवणीची रेघ, म्हणजे चोच मिटल्यावर तोंडाची जी रेघ मागे डोळ्याकडे जाते ती. मध्यम बगळ्यात ती रेघ डोळ्याखाली येऊन थांबते. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या खालून पुढे जाऊन डोळ्याच्या मागे संपते. फोटो असेल तर हे पाच सेकंदात दिसतं, आणि चोच पिवळी असो की काळी, ही रेघ जागची हलत नाही. त्याच्या जोडीला मान बघा, मोठ्या बगळ्याच्या लांब मानेत मधेच हाड मोडल्यासारखा ठळक कोन येतो, मध्यमची मान सरळ गोलाईने वळते, डोकं गोलसर आणि चोच त्या मानाने आखूड दिसते.

तुमच्याकडे किनारा आहे म्हणून अजून एक जण त्यात आहे, समुद्र बगळा. बरेच समुद्र बगळे गडद राखाडी असतात, खडकावर उभे असले की ओळखू येतात, पण त्यांच्यात पांढरेही असतात आणि ते हुबेहूब छोट्या बगळ्यासारखे दिसतात. तेव्हा चोच बघायची, छोट्या बगळ्याची बारीक आणि काळी, समुद्र बगळ्याची जरा जाड आणि पिवळट-तपकिरी झाक असलेली. शेतात दिसला तर बहुतेक छोटा बगळाच, खडकाळ किनाऱ्यावर किंवा खाडीच्या तोंडाशी दिसला तर मात्र थांबून चोच तपासा.

प्रश्न: सर, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सातपुड्यात गावाकडे गेलो होतो तेव्हा भर दुपारी सागाच्या शेंड्यावर पिंगळा बसलेला दिसला. मित्र म्हणतो रानपिंगळाच असणार कारण दिवसा दिसला. फोटो नाहीये. कसं ओळखायचं?
– एक विद्यार्थी, तळोदा

उत्तर: फोटो नसताना मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही, पण याचं उत्तर मोठं देणार आहे, कारण तू ज्या भागात राहतोस त्याच भागाने हा पक्षी जगाला परत दिलाय.

आधी तुझ्या मित्राचा मुद्दा. दिवसा दिसला म्हणजे रानपिंगळा असं होत नाही. आपला गावातला ठिपकेवाला पिंगळाही दिवसा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो, चाहूल लागली की मान खालीवर करून बघतो. रानपिंगळा दिवसाच हिंडतो-फिरतो, शिकार करतो, उघड्या शेंड्यावर बसतो हे खरं आहे, पण ती फक्त सुरुवात झाली.

डोकं बघ. ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर आणि ठळक असतात, आणि मानेमागे पांढरट पट्टा असतो. रानपिंगळ्याचं कपाळ आणि डोकं तपकिरी, जवळजवळ कोरं असतं, ठिपके असलेच तर बारीक आणि पुसट. मग पोट. ठिपकेवाल्याच्या पांढऱ्या पोटावर खालपर्यंत तपकिरी तुटक खुणा असतात. रानपिंगळ्याची छाती गडद तपकिरी, सलग पट्टा असल्यासारखी, बाजूंना आडवे पट्टे आणि पोटाचा मधला आणि खालचा भाग स्वच्छ पांढरा. समोरून बघितलास तर वर गडद आणि खाली पांढरं हा फरक लांबूनही जाणवतो. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, डोकं आणि चोच अंगाच्या मानाने मोठी, आणि पाय जाडजूड, बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी भरलेले. बसल्या बसल्या शेपटी झटकन डावी-उजवीकडे हलवायची त्याला सवय आहे, ती दिसली तर नीट लक्ष देऊन बाकीच्या खुणा तपास.

आणि तिसराही एक जण तुमच्या जंगलात आहे, जंगली पिंगळा, त्याच्या डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडव्या रेघाच रेघा असतात. नावं ऐकायला सारखी वाटतात म्हणून नोंदीत घोळ होतो, तेव्हा वहीत नावाबरोबर खुणाही लिही.

आता हे एवढं का महत्त्वाचं. रानपिंगळ्याचा पहिला नमुना, म्हणजे अभ्यासासाठी मारून जपून ठेवलेला पक्षी, ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने १८७२ मधे आत्ताच्या छत्तीसगडमधे मिळवला आणि ॲलन ह्यूमने १८७३ मधे त्याचं वर्णन केलं, ब्लेविटचंच नाव देऊन. पुढे जेम्स डेव्हिडसनने खानदेशात काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला खात्रीने दिसलाच नाही, जगभरच्या म्युझियममधे मिळून जेमतेम सात नमुने, आणि बहुतेकांनी तो संपला असंच धरलं होतं. मधे एकच नोंद होती, रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची, त्याने म्हटलं होतं की १९१४ मधे गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला आपल्याला हा पक्षी मिळाला. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी त्या नमुन्याची तपासणी केली तेव्हा निघालं की तो मुळात डेव्हिडसनचाच खानदेशातला नमुना, म्युझियममधून चोरलेला आणि नवीन चिठ्ठी लावलेला. म्हणजे शोधणाऱ्यांना एक चिठ्ठी भलत्याच जागेकडे पाठवत होती. ती खोटी जागा वगळून जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागांवर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शोधायला आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, त्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! आणि जुन्या नमुन्यांचा बारकाईने अभ्यास आधीच झालेला होता म्हणून तो ओळखता आला, डोकं कोरं, पोट पांढरं, पाय जाड, या खुणा त्यांना पाठ होत्या.

नंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट इथे तो सापडला, २०१४ मधे तर मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यात सापडला, म्हणजे माहीत नसलेल्या जागी अजूनही मिळू शकतो. २०१८ मधे त्याचा धोक्याचा वर्ग ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आला, पण म्हणून तो सुरक्षित झाला असं नाही, सागाची विरळ जंगलं आणि ढोली असलेली जुनी झाडं गेली की तो गेलाच.

त्यामुळे तू परत त्या जागी जा, शक्यतो सकाळी, तो पक्षी त्याच भागात असण्याची शक्यता बरीच आहे. लांबून फोटो काढ, पाठीचा आणि पोटाचा दोन्ही मिळाले तर उत्तम. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून बोलवू नकोस, ऑक्टोबर ते मे त्यांचा विणीचा काळ असतो आणि आवाज वाजवला की नर घरटं सोडून भांडायला येतो. खात्री झाली तर जागा इन्स्टाग्रामवर न टाकता वनखात्याला किंवा बीएनएचएसला (मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळव, आणि आम्हाला फोटो जरूर पाठव, मी मनापासून वाट बघतोय.

प्रश्न: माझं वय ७२. आमच्या बाल्कनीत इतक्या वर्षांनी चिमण्या परत आल्यात, गवताची पाती आणतात, मला फार आनंद झालाय. पण नात म्हणते आजी या चिमण्या नाहीत. खरं काय ते सांगा.
– एक आजी, नाशिक

उत्तर: आजी, तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या पक्ष्याचा रंग साधा तपकिरी, चोच गडद आणि अंगाच्या मानाने भलतीच जाड, शेजारचा दुसरा पक्षी मात्र छातीवर काळसर खवले असलेला. ही ठिपकेवाली मुनिया आहे, काही जण मनोली म्हणतात, आणि साधा तपकिरी आहे तो तिचं पिल्लू. नातीची नजर चांगली आहे, तिला सांगा. बाल्कनीतल्या वेलीत किंवा कुंडीतल्या झाडात गवताचा गोळा करून त्या घरटं करतात, महिनाभर ती कुंडी हलवू नका आणि पाणी हळूच घाला.

चिमणीच्या मादीशी अजून एकाचा गोंधळ होतो, सुगरणीच्या मादीचा. सुगरण जरा ठेंगणी-ठुसकी, शेपटी आखूड, चोच जाड आणि पिवळसर, डोक्यावर आणि पाठीवर गडद रेघा. चिमणीच्या मादीचं डोकं बिनरेघांचं, साधं तपकिरी. आणि हंगाम सरला की सुगरणीच्या नराचा पिवळा रंग जातो, तोही मादीसारखाच दिसायला लागतो, त्यामुळे हिवाळ्यातल्या थव्यात सगळ्या माद्याच आहेत असं समजू नका.

शहराबाहेर गेलात तर रानचिमणी दिसेल, बारीक चोच, पंखावर पांढरे पट्टे आणि नराच्या गळ्यावर पिवळा ठिपका. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी लहानपणी छर्र्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, गळ्याचा पिवळा डाग बघून ही नेहमीची नाही असं वाटलं म्हणून बीएनएचएसमधे विचारायला गेले, तिथले सचिव मिलार्ड साहेबांनी ती ओळखून दिली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाटच्या कपाट उघडून दाखवले. तिथून पुढे त्यांचं आयुष्यच बदललं. म्हणून नातीचा प्रश्न लहान समजू नका हो.

प्रश्न: आता मर्लिनसारखी ॲप आली आहेत, आवाज ऐकवला की नाव सांगतात. मग चोच बघा, शेपटी बघा हे सगळं शिकायची गरज आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: ॲप वापरा, मीही वापरतो. मर्लिन कॉर्नेलच्या पक्षी प्रयोगशाळेचं आहे, फुकट आहे आणि खूप मेहनतीने बनवलंय. पण ते शक्यता सांगतं, निकाल देत नाही. आपला काळा कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. तुमच्या अंगणात कोतवाल बसून शिक्र्याचा आवाज काढत असेल आणि ॲपने शिक्रा म्हटलं, तर मान वर करून बघणारं कुणीतरी लागतंच. तुम्ही न बघता नोंद टाकली की ती चुकीची नोंद पुढे नकाशात जाते आणि दुसरा कुणी तिच्यावर विसंबतो.

माझं म्हणणं एवढंच की ॲप किंवा पुस्तक उघडायच्या आधी एक मिनिट वहीत लिहा. कसं, तर असं: ‘सकाळी आठ, बोरीच्या झुडपात, चिमणीपेक्षा लहान, चोच बारीक काळी, शेपटी लांब आणि सारखी उभी करतो, डोकं राखाडी, पोट तांबूस, उडताना चट्चट् ठिणगी उडाल्यासारखा आवाज आला.’ यात रंगाच्या आधीच निम्मं काम झालं, हा राखी वटवट्या, आणि ती चट्चट् ऐकलीत तर दुसरं काही असायची शक्यताच फार कमी. आधी ॲपमधला फोटो बघितलात तर मग डोळ्यांना तेच दिसायला लागतं जे फोटोत आहे.

आणि हो, काही पक्षी फोटोवरून सांगता येत नाहीत. हिवाळ्यात येणारे हिरवट पर्णवटवटे पाठवलेत तीन जणांनी, त्यांचा आवाज नसेल तर मी नाव देणार नाही. ‘पर्णवटवट्या, प्रजाती अनिश्चित’ अशी नोंद पूर्ण मानली जाते, ती करायला कचरू नका.

प्रश्न: भिगवणला बोटीतून कुरव (सीगल) बघितले. गाइड म्हणाला तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे दोन्ही आहेत. पण आम्हाला तर सगळ्यांची डोकी पांढरीच दिसली.
– एक वाचक, पुणे

उत्तर: हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरीच असतात, कानामागे फक्त काळा डाग उरतो. परत जायची वेळ आली, मार्चच्या आसपास, की डोक्यावर रंग चढायला लागतो. तोपर्यंत डोक्याकडे बघूच नका, उडताना पंखाचं टोक बघा. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं टोक भरपूर काळं आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कडा पांढरी, लांब पाचरीसारखी, काळं फक्त मागच्या टोकाला. बोट जवळ गेली तर डोळाही बघा, तपकिरी डोक्याच्या मोठ्या पक्ष्याचा डोळा फिकट असतो, त्याने नजर जरा करडी वाटते, दुसऱ्याचा गडद. पहिल्या वर्षाच्या पिल्लांना हे लागू होत नाही, ती सोडून द्या.

बोटीवर फरसाण आणि गाठ्या फेकल्या की कुरव हाताजवळ येतात आणि फोटो छान मिळतात, पण तळलेलं, खारट खाणं या पक्ष्यांचं अन्न नाही. त्यातले कितीतरी तिबेट-लडाखच्या पठारांपर्यंत उडून जाणार असतात. कृपा करून फेकू नका, आणि बोटवाल्या दादांनाही प्रेमाने सांगा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मागच्या अंगणात पक्ष्यांना दाणे ठेवायच्या फीडरवर काळे-पांढरे सुतार येतात, डाउनी आणि हेअरी. मुलीला आणि मला दोन्ही एकच वाटतात.
– एक वाचक, एडिसन

उत्तर: पिसांचा नमुना खरंच तोच आहे, दोन्ही नरांच्या डोक्यामागे लाल ठिपका पण तोच. चोचीची लांबी डोक्याशी ताडून बघा. डाउनीची चोच इवलीशी, डोक्याच्या अर्ध्याहूनही कमी. हेअरीची चोच जवळजवळ डोक्याएवढी लांब, छिन्नीसारखी. खात्री करायची असेल तर शेपटीची बाहेरची पांढरी पिसं बघा, डाउनीच्या पिसांवर काळे ठिपके असतात, हेअरीची बहुतेक स्वच्छ पांढरी. मुलीला चोच मोजायचं काम द्या, फीडर खिडकीजवळ असेल तर तिला लवकर जमेल.

प्रश्न: मी पाचवीत आहे. आमच्या घराजवळ खूप फ्लेमिंगो येतात. बाबा म्हणतात त्यात दोन प्रकार आहेत. मला एकच दिसतो. आणि काही राखाडी आहेत ते कोणते?
– एक छोटी वाचक, नेरूळ

उत्तर: बाबांचं बरोबर आहे. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, ठाणे खाडीत मोठा रोहित आणि छोटा रोहित दोन्ही येतात, छोटे जास्त असतात. भरतीला खाडीत पाणी चढलं की ते तुमच्याकडच्या पाणथळीवर येऊन थांबतात, तेव्हा बघायला जा, आणि बाबांची दुर्बीण घे. फक्त चोच बघ. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी आणि टोक तेवढं काळं. छोट्याची चोच गडद लालसर, लांबून पूर्ण काळीच वाटते. थव्यात एखादा सगळ्यांच्या वर डोकं काढून उभा असेल आणि अंगाने जास्त पांढरा असेल तर तो मोठा. राखाडी आहेत ती पिल्लं, दोन्ही प्रकारांची. त्यांना गुलाबी व्हायला काही वर्षं लागतात, कारण तो रंग त्यांच्या खाण्यातून येतो, शेवाळातून आणि पाण्यातल्या बारीक जीवांतून. राखाडी पिल्लू कुठल्या प्रकारचं आहे हे कसं ओळखायचं ते तू आता सांग, उंची आणि चोच बघून, आणि मला लिहून पाठव.